पाकळीचा ल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. लेकरे चाकांवरचा लाकडी नंदी ओढत घरोघर जातात आणि बोजारा घेऊन परततात. आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा विशेष प्रसिद्ध आहे. नंदी करवून घ्यायचा तर सुताराला फारसे सांगावे लागत नाही. ‘औंदा जरा मोठा पाहिजे’ एवढे वाक्य पुरते. शिंगांना बाक किती, वशिंड किती उंच, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. न बोललेले सारे दोघांच्या सामायिक संस्कृतीत आधीच साठलेले असते.

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. सुताराच्या या समजूतदारपणाची सवय अंगी मुरलेली असतानाच आम्ही एका नव्या खेळण्याच्या निमित्ताने कारखान्याच्या दारात गेलो. कल्पना साधी होती. स, त, प, म अशा अक्षरांचा उभा दंड काढला की अक्षर अर्धे होते. हा दंड सुटा ठेवून लाकडी अक्षरे करावीत. मुलाने ‘स’चा दंड काढावा, शेजारी ‘त’ सरकवावा आणि ‘स्त’ हाताने घडवावा. हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार १९३७ साली ज्या वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला, त्या गावात राहून एवढे तरी करावे, असा थोडा अभिमानही त्यामागे होता.

पहिले काही संच ओळखीच्या सुताराने केले. आसपासच्या शाळांना ते आवडले आणि दोनशे संचांची मागणी झाली. तेवढे एका माणसाच्या हातून होणारे नव्हते. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, पण आमच्या सुताराची नोंदणी नव्हती. परवाना मिळतो तो खेळणे जिथे तयार होते त्या कारखान्याला. कल्पना सुचणाऱ्याला नव्हे. म्हणून परवाना असलेला एक लहान कारखाना आम्ही शोधला, अक्षरांची संगणकीय फाइल पाठवली आणि पत्रात लिहिले, ‘सोबतच्या नमुन्याप्रमाणे सुबक अक्षरे करावीत.’

दोन महिन्यांनी खोकी आली. अक्षरे खरोखरच सुबक होती. पण ‘ल’ आमचा नव्हता! पाकळीच्या ‘ल’च्या जागी हिंदी वळणाचा दंडाचा ‘ल’ बसला होता आणि देठाच्या ‘श’चीही तीच गत झाली होती. आमचा टंक त्यांच्या संगणकात नव्हता. संगणकाने दुसरा घेतला. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे २००९च्या शासननिर्णयाने प्रमाण ठरवली आहेत. मुलाच्या पुस्तकात एक ‘ल’ आणि हातात दुसरा, असे खेळणे शाळेत देणे आम्हाला शक्य नव्हते. त्यात वेलांट्यांचे निमुळते शेपूट हात लावताच मोडत होते. गुंतवलेले पैसे आमच्या पगारातले होते.

आम्ही रागाने कारखान्यात गेलो. तिथे आमच्याच पत्राची प्रत समोर ठेवण्यात आली. टंकाचे नाव त्यात नव्हते. लाकडाची जाडी नव्हती. ‘सुबक’ हे एकच विशेषण होते. वर्षानुवर्षे अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवणाऱ्या आम्ही कार्यादेश मात्र व्यंजनेत लिहिला होता आणि यंत्राला फक्त अभिधा कळते.

यंत्रावरच्या कारागिराशी मात्र वेगळेच बोलणे झाले. तो म्हणाला, “सर, हा ल आपला नोहे, हे मले पयल्याच दिवशी दिसलं होतं. पण तुमी इकडं आलेच नाई, तं सांगू कोनाले?” या वाक्याने आमचा राग पार उतरला. त्यानेच मग दाखवले, की वेलांटी लाकडाच्या रेषांना आडवी कापली तर मोडणारच. ती रेषांच्या दिशेने कापावी, नाही तर जाड करावी. कोरणारे पाते तीन मिलिमीटर जाड असेल, तर आतला कोपरा टोकदार येणार नाही. म्हणून अक्षराचे वळणच गोलसर काढावे. पुस्तकातले अक्षर आणि लाकडातले अक्षर एक नसते, हे लिपीच्या कोणत्याही ग्रंथात आम्ही वाचले नव्हते.

दुसऱ्या वेळी आम्ही अक्षरे टंकावर न सोपवता त्यांच्या बाह्यरेषा काढून दिल्या. प्रत्येक तुकड्याची मापे लिहिली. रंग, लाकूड आणि गुळगुळीतपणा यांचा एक मंजूर नमुना सह्या करून दोघांकडे ठेवला. सुटे दंड लहान मुलाच्या घशात जाऊ नयेत म्हणून ते ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत मावणार नाहीत एवढे मोठे केले. आधी दहाच संच करवले, ते मुलांच्या हाती दिले आणि मगच उरलेल्यांना होकार दिला. आणि पहिल्या दिवशी, कापणी सुरू होताना, आम्ही यंत्राजवळ उभे राहिलो. या साऱ्यात अधिक उपयोगी काय पडले, असे कोणी विचारले तर आम्ही शेवटची गोष्ट सांगू. कागद कितीही काटेकोर असला, तरी त्यात राहून गेलेले ज्याला दिसते तो माणूस यंत्रापाशी असतो. त्याला विचारावे लागते.

बिघडलेल्या संचांतले ‘ल’ आणि ‘श’ आमच्या विभागातल्या कपाटात पोत्यात भरून ठेवले आहेत. दर वर्षी एम.ए.च्या वर्गात शब्दशक्तींचा पाठ सुरू होतो तेव्हा आम्ही त्यातला एकेक तुकडा विद्यार्थ्यांच्या हाती देतो आणि फळ्यावर आमच्या पत्रातले ते वाक्य लिहितो. यात काय सांगायचे राहिले, असे विचारतो. पहिल्या तासाला फारसे कोणाला उत्तर सापडत नाही. आम्हालाही सापडले नव्हते.