मॉंट्रियलचं यीस्ट आणि आमचे आबा

लेक मॉंट्रियलला शिकायला गेल्यापासून टोरांटोहून तिकडे जाणारा साडेपाचशे किलोमीटरचा रस्ता आम्हा दोघांना पाठ झालाय. जुनं शहर बघायचं, बेगल घ्यायचे आणि परत फिरायचं, हा आमचा शिरस्ता. यंदा लेक म्हणाली, "या खेपेला माझं कॉलेज बघा."

व्हांडोम मेट्रोपाशी १०५ नंबरची बस पकडून आम्ही कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या लॉयोला कॅम्पसवर उतरलो. हे मूळचं जेझुइट पाद्र्यांचं कॉलेज. १९७४ साली सर जॉर्ज विल्यम्स विद्यापीठाशी जोडलं जाऊन त्याचं कॉन्कॉर्डिया झालं. आम्ही पडलो यंत्रांत रमणारे इंजिनिअर. यीस्ट म्हणजे पावाचं, एवढंच ज्ञान! हिरवळीवर थर्मासमधला चहा पिता पिता लेकीनं आमची शिकवणी घेतली.

यीस्टच्या पेशी दोन प्रकारच्या. एक रासायनिक सांगावा धाडते, दुसरीच्या अंगावरचा रिसेप्टर (नाकच म्हणा ना!) तो ओळखतो, आत साखळीनं निरोप पोचतो आणि ती पेशी त्या दिशेला वाढू लागते. थोडक्यात, स्थळ जुळवणंच. या साखळीतल्या दोन दुव्यांचा उलगडा १९८९ साली मॉंट्रियलच्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या माल्कम व्हाइटवे आणि सहकाऱ्यांनी केला. यीस्टच्या नाकाऐवजी माणसाचं नाक बसवायचं आणि साखळीच्या टोकाला चमकणारं प्रथिन जोडायचं, की झाला जिवंत सेन्सर.

पण मॉर्फिन ओळखणारं माणसाचं नाक यीस्टमध्ये चालेचना. आपल्या पेशीच्या आवरणात असतं कोलेस्टेरॉल, यीस्टच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. कॉन्कॉर्डियातल्या व्हिन्सेंट मार्टिन यांच्या गटानं आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी मग यीस्टलाच कोलेस्टेरॉल बनवायला लावलं. नाक चालू लागलं! हे काम २०२२ साली प्रसिद्ध झालं. अफूच्या जातीच्या औषधांनी कॅनडात किती घरं उजाडली, हे आपण जाणतोच. तेव्हा अशा सेन्सरचं मोल सांगायला नको.

परतताना गाडीत आम्ही गप्पच होतो. दोघांच्याही मनात आबा होते. चार वर्षांपूर्वी ते साताऱ्याहून आले होते. तिथे अख्ख्या आळीशी बोलणारा माणूस आमच्या तळघरातल्या खोलीत मुका होऊन बसला. "आबा, जरा ॲडजस्ट करा ना," असं आम्ही म्हणत राहिलो. तीन महिन्यांत ते परत गेले, आणि दोष त्यांच्या स्वभावाला देऊन आम्ही मोकळे झालो. इडलीचं पीठ फुगावं म्हणून ओव्हनचा दिवा रात्रभर लावून ठेवणारे आम्ही!

येत्या मे महिन्यात आबा पुन्हा येताहेत. वरची, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली त्यांच्यासाठी रिकामी केलीय. दाराची वेगळी किल्ली करून घेतलीय. बाकी काय हवं-नको ते त्यांनाच विचारणार आहोत. मागच्या खेपेला नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.