ए, ॲन आणि द

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचं इंग्रजी कुठे अडतं, असं विचारलं तर बहुतेक लोक स्पेलिंगकडे नाहीतर उच्चाराकडे बोट दाखवतील. माझ्या मते ते अडतं 'द'पाशी. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द हाच, आणि मराठीत त्याच्या जागी ठेवायला काहीच नाही, असं निदान आम्हाला शाळेत वाटायचं. नसलेली वस्तू योग्य जागी ठेवा म्हटलं तर पोरांनी काय करायचं? आम्ही अंदाजपंचे ठेवत होतो.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, ते पहिलीपासून आलं. तोवर मी शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती. पाचवीच्या सरांनी पहिल्या सहामाहीतच फळ्यावर पाच स्वर लिहिले आणि सांगितलं, स्वर आला की 'ॲन', नाहीतर 'ए'. पुढे 'द'ची यादी आली. नदीला द, समुद्राला द, पर्वतरांगेला द, पण एकट्या शिखराला नाही. म्हणजे हिमालयाला आहे, एव्हरेस्टला नाही. तबला वाजवताना द लागतो, कबड्डी खेळताना लागत नाही. कारण विचारायची पद्धत नव्हती. यादी पाठ करायची, गाळलेल्या जागा भरायच्या आणि पुढे जायचं.

घरी तर्खडकर होते. म्हणजे भाषांतर पाठमालेचे भाग, पानं पिवळी पडलेली, पुठ्ठा दोऱ्यानं शिवलेला. ही पाठमाला द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. बरेच जण तिचं श्रेय दादोबा पांडुरंग तर्खडकरांना देऊन मोकळे होतात. दादोबांनी 1836 साली लिहिलं ते मराठीचं व्याकरण. पाठमालेची रीत मला अजूनही पटते. मराठी वाक्य समोर ठेवायचं आणि इंग्रजी करायला सांगायचं, म्हणजे आधी स्वतःच्या भाषेकडे नीट बघावं लागतं. हल्लीच्या इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासांत मराठीला दाराबाहेर उभं करतात, आणि तिथेच मोठं नुकसान होतं.

नुकसान कसं, ते 'ए' आणि 'ॲन'वरूनच बघा. 'अवर'च्या स्पेलिंगात पहिलं अक्षर एच, तरी ॲन लागतो. 'युनिव्हर्सिटी'त पहिलं यू, तरी ए. पुस्तकं याला अपवाद म्हणून वेगळी चौकट देतात आणि पोरं ती चौकट पाठ करतात. पण हेच शब्द देवनागरीत लिहून बघा. अवर: अ आला, ॲन लावा. ऑनेस्ट: ऑ आला, ॲन लावा. युनिव्हर्सिटीत य, युरोपियनमध्ये य, वन-रुपी नोटमध्ये व, म्हणून तिथे ए. एफआयआर आणि एमएलए यांत एफ, एम ही अक्षरं व्यंजनं असली तरी आपण ती लिहितो ए काढून, म्हणून ॲन एफआयआर, ॲन एमएलए. अपवाद एकही उरत नाही, कारण नियम मुळात अक्षराचा नाहीच, आवाजाचा आहे, आणि आपली लिपी आवाजच लिहिते. ज्या पोराला बाराखडी येते त्याला हा धडा अर्ध्या तासात यावा. त्याऐवजी त्याला रोमन अक्षरांत अडकवून ठेवतात.

गंमत म्हणजे या 'ॲन'नं खुद्द इंग्रजांनाही चकवलं आहे. क्रिकेटमधला अंपायर मूळचा 'न'नं सुरू होणारा शब्द. 'ए' आणि 'न' बोलताना इतके चिकटले, की लोकांना तो न 'ॲन'चाच वाटू लागला आणि अंपायर उघडाबोडका उरला. ॲप्रनचंही तेच झालं.

कॉलेजात व्याकरणाला रेन अँड मार्टिन आला. त्यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि पुढे 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लिजनवरची कादंबरी लिहून जगभर गाजला, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे त्याची ओळख लाल पुस्तक एवढीच. 'फ्यू', 'ए फ्यू' आणि 'द फ्यू' यांतला फरक मी तिथे शिकले. पहिला म्हणजे जवळपास कोणी नाही, दुसरा म्हणजे आहेत थोडे, तिसरा म्हणजे जे काही थोडे होते ते सगळे. एका चिमुकल्या 'ए'नं नाहीचं आहे होतं.

इंग्रजी सुधारायचं तर पेपर वाचा, असा सल्ला तेव्हाही मिळायचा, आताही मिळतो. सल्ला वाईट नाही, पण वाचणारा आधी मथळे वाचतो, आणि मथळ्यात ए, ॲन, द ही आर्टिकल गाळलेली असतात. तारांचंही तेच. शब्दागणिक पैसे, मग 'द'वर कोण खर्च करणार? 'मदर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली' हे आमच्या घराघरांत पोचलेलं इंग्रजी. त्यात एकही आर्टिकल नाही. तार 2013च्या जुलैत बंद झाली. ते इंग्रजी मात्र अर्जांमधून अजून चालू आहे.

मी पोटापाण्यासाठी भाषांतराकडे वळले ती कोर्टाच्या आवारात. खालच्या कोर्टाचं कामकाज मराठीत, हायकोर्टाचं इंग्रजीत. त्यामुळे अपील म्हटलं की दावा, कैफियत, जबाब, फेरफार, खरेदीखत, सगळ्याचं इंग्रजी करावं लागतं. ज्या वकीलसाहेबांकडे मी बसत असे त्यांना व्याकरणाची पुस्तकी नावं फारशी ठाऊक नव्हती, पण 'द' दिसला की त्यांचं पेन थांबायचं. "हा द कुणाला विचारून लावला?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

एकदा दुसरीकडून करून आलेलं भाषांतर त्यांच्या हातात पडलं. जमिनीच्या वाटपाचं प्रकरण. मूळ मराठी वाक्य साधं होतं, वादी हा मयताचा मुलगा आहे. इंग्रजीत लिहिलं होतं, वादी इज द सन ऑफ द डिसीज्ड. साहेबांनी 'द सन'भोवती पेन्सिलीनं गोल केला आणि मला म्हणाले, "ताई, पक्षकाराला फोन लावा. भाऊ किती ते विचारा." मी विचारलं. पलीकडून आवाज आला, "तीन भाऊ की आमी! थोरला मुंबईला गिरणीत हुता, त्यो तिकडंच ऱ्हायला. का वं?" साहेबांनी 'द' खोडून 'ए' लिहिला. 'द सन' वाचणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं एकुलता एक. मुंबईच्या भावाच्या वकिलानं तेच वाक्य पुढे करून तुम्ही त्याला वारसच मानत नाही असा मुद्दा काढला असता, तर उत्तर देता देता दोन तारखा गेल्या असत्या.

मराठी वाक्यात मात्र काहीच खोट नव्हती. 'मयताचा मुलगा' म्हणताना मराठी मुलं किती ते सांगत नाही, आणि सांगायची सक्तीही करत नाही. इंग्रजी करते. वाक्य पुरं करायचं तर ए की द ते ठरवावंच लागतं, आणि ते ठरवायला व्याकरण पुरत नाही, घरची माहिती लागते. नद्या-पर्वतांच्या यादीत हे कुठेच नव्हतं. आम्हाला शिकवलं की द नामाला लागतो. खरं तर तो लागतो ऐकणाऱ्याला: मी कोणाबद्दल बोलते ते समोरच्याला कळलं आहे का, एवढंच तो विचारतो.

आणि हा प्रश्न आपल्याला परका नाही. 'मी वकील शोधतोय' म्हणणाऱ्याला अजून वकील मिळालेला नाही. 'मी वकिलाला शोधतोय' म्हणणाऱ्याला मिळाला आहे, फी घेऊन झाली आहे, आणि आता तो कोर्टात दिसत नाही. मुलगी बघायला गेलेल्यांना कांदेपोहे मिळतात; मुलीला बघायला जाणारे दवाखान्यात जातात. हा 'ला' कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही बिनचूक येतं. मग त्याच 'ला'च्या वाटेनं 'द'पर्यंत का नेत नाहीत? दोन्हींची हद्द सगळीकडे जुळत नाही, हे मान्य. 'मी मोहनला शोधतोय' म्हटलं तर इंग्रजीत मोहनला द लागत नाही, कारण नावानंच ओळख पटली. पण सुरुवात करायला याहून चांगली जागा मला तरी दिसलेली नाही.

याच वाटेनं गेलं की शाळेतली कोडीही सुटायला लागतात. 'वेंट टू प्रिझन' म्हटलं तर माणूस शिक्षा भोगायला गेला. 'वेंट टू द प्रिझन' म्हटलं तर त्या अमुक इमारतीत गेला, भेटायला नाहीतर कामाला. आमचे साहेब अशिलाला भेटायला कळंब्याच्या तुरुंगात जायचे, तेव्हा हा द विसरू नका असं बजावून जायचे. हॉस्पिटलचं ब्रिटिश इंग्रजीत असंच आहे; अमेरिकन माणूस मात्र आजारी पडला तरी द घेऊनच झोपतो. तेव्हा सगळं तर्कात बसतं असं म्हणायचा माझा हट्ट नाही. आपल्याकडे तो पेन की ते पेन यावर अजून एकमत नाही.

आता भाषांतराचं यंत्र फोनमध्येच आलं आहे. 2025च्या ऑगस्टपासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तसं कागद घेऊन येणाऱ्यांपैकी निम्मे लोक फोनवरचं इंग्रजी सोबतच आणतात. "ताई, नुसतं तपासून द्या." इंग्रजी वाईट नसतं. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, कित्येकदा माझ्याहून सफाईदार. पण 'मयताचा मुलगा' आला की यंत्र बेधडक 'द सन' लिहून मोकळं होतं. त्याचा दोष नाही. ते कोणाला फोन लावणार?

म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते तेच इथेही सांगते. वारसाचा, वाटणीचा कुठलाही कागद इंग्रजीत करायला द्याल, मग माणसाकडे द्या नाहीतर यंत्राकडे, सोबत वंशावळ ठेवा. मुलगे किती, मुली किती, पत्नी एक की दोन, सगळं लिहून. आणि इंग्रजी हातात आलं की बाकी काही कळलं नाही तरी चालेल, प्रत्येक 'सन', 'डॉटर' आणि 'वाइफ'च्या आधी काय लिहिलं आहे तेवढं सही करण्यापूर्वी बघा.