तिखट कॅमचा हिशेब

बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटकडे जाणारा बी ५०० हा रस्ता ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून वळणं घेत जातो. मोटरसायकलवाल्यांचा हा लाडका रस्ता. तीव्र वळणातून गाडी बाहेर पडते तेव्हा इंजिन अडीच-तीन हजार आरपीएमवर असतं. तिथूनच त्यानं गाडी उचलावी, गिअर खाली टाकायला लावू नये, एवढीच स्वाराची अपेक्षा असते. तोच स्वार डोंगर उतरून ऱ्हाईनच्या खोऱ्यातल्या ए ५ या आउटोबानला लागतो. वेगमर्यादा नसलेल्या पट्ट्यात त्याला आता सात हजारांवरचा दम हवा असतो. इंजिन तेच, मागणी अगदी उलट. या दोन मागण्यांमधला झगडा ज्या दांड्यावर कोरलेला असतो, तो कॅमशाफ्ट.

क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरणारा हा दांडा. त्याच्यावरचे अंडाकृती उंचवटे व्हॉल्व्ह दाबून उघडतात. सहा हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. उंचवट्याच्या उंचीवर व्हॉल्व्ह किती उघडेल ते ठरतं, आणि रुंदीवर तो किती वेळ उघडा राहील ते. खरी मेख या वेळेत आहे, कारण हवेलाही वजन असतं. इंजिन जोरात फिरत असताना इनटेकच्या नळीतून येणाऱ्या हवेला इतका वेग आलेला असतो की पिस्टन तळाशी जाऊन परत वर निघाला तरी ती आत घुसतच राहते. अशा वेळी व्हॉल्व्ह उशिरा मिटला तर सिलिंडर जास्त भरतो. कमी आरपीएमला हवेत तो जोर नसतो. मग पिस्टन आत आलेलं मिश्रण उघड्या व्हॉल्व्हमधून परत नळीत ढकलतो आणि ‘गाडीला पिकअप नाही’ अशी तक्रार सुरू होते.

उंच आणि रुंद उंचवट्यांच्या कॅमला जर्मन मेकॅनिक ‘शार्फ’ म्हणतात. शार्फ म्हणजे धारदार. आणि जेवणाच्या ताटात, तिखट. आम्हा इंजिनवाल्यांना हा दुसरा अर्थ जास्त पटतो. तिखट वाढवलं की पदार्थ वाढत नाही, त्याची चव सरकते. कॅमचंही तसंच. तो ताकद निर्माण करत नाही. इंजिन कोणत्या आरपीएमला मोकळा श्वास घेईल, ती जागा तो पुढे-मागे करतो. टॉर्कला आरपीएमनं गुणलं की शक्ती मिळते, म्हणून तोच टॉर्क वरच्या आरपीएमला टिकवला तरी कागदावरची अश्वशक्ती वाढते.

याचा चोख पुरावा जर्मनीआधी आपल्या चाकणमध्येच सापडतो. बजाजची डॉमिनार ४०० २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्या ३७३ सीसीच्या इंजिनात एकच कॅमशाफ्ट होता. ८,००० आरपीएमला ३५ अश्वशक्ती, ६,५०० ला ३५ न्यूटन-मीटर. २०१९ मध्ये तिला दोन कॅमशाफ्टचं हेड मिळालं. शक्ती ४० च्या घरात गेली, तीही ८,६५० आरपीएमला. कमाल टॉर्क मात्र ३५ च राहिला, फक्त तो ७,००० वर सरकला. एवढ्या आकड्यांत सगळा विषय येतो.

बीएमडब्ल्यूच्या दोन बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या, गाड्यांत हीच गोष्ट मोठ्या मापात दिसते. १९९७ ची आर १२०० सी, जेम्स बाँडच्या सिनेमात झळकलेली क्रूझर, आणि २००४ ची आर १२०० जीएस. दोन्हींचा बोअर १०१ मिलिमीटर, स्ट्रोक ७३, सीसी ११७०. क्रूझर ३,००० आरपीएमलाच ९८ न्यूटन-मीटर देऊन टाकते, पण शक्ती ६१ अश्वशक्तीवर थांबते. जीएसचा कमाल टॉर्क ११५, पण त्यासाठी ५,५०० पर्यंत जावं लागतं, आणि शक्ती शंभरीला टेकते. हे काम एकट्या कॅमचं नव्हे. मधल्या काळात इंजिनाची पिढी बदलली होती. कॉम्प्रेशन आणि इनटेकही वेगळे होते. पण क्रूझरला शांत, खालून ओढणारा स्वभाव द्यायचा हे एकदा ठरलं, की कॅमही मवाळच निवडावा लागतो. त्या काळी या बॉक्सर गाड्यांत निवड एकदाच करता येत असे. गाडी कारखान्याबाहेर पडली की स्वभाव ठरला.

२०१८ मध्ये आलेल्या आर १२५० जीएसनं ही अट मोडली. तिच्या इनटेक कॅमशाफ्टवर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी शेजारी शेजारी दोन उंचवटे आहेत, एक मवाळ आणि एक तिखट. संथ चालीत मवाळ उंचवटा काम करतो. तोही दोन इनटेक व्हॉल्व्ह सारखे उघडत नाही. एक कमी, एक जास्त, म्हणजे आत येणारं मिश्रण भोवऱ्यासारखं घुसळून निघतं आणि नीट जळतं. स्वारानं थ्रॉटल पिळला किंवा आरपीएम पाच हजारांच्या आसपास गेले, की विद्युत-चुंबकानं ढकललेली एक पिन शाफ्टवरच्या वळणदार खाचेत उतरते. शाफ्ट फिरतच असतो, त्यामुळे ती खाचच त्याला बाजूला सरकवते आणि तिखट उंचवटा व्हॉल्व्हसमोर येतो. हे सरकणं व्हॉल्व्ह मिटलेले असतानाच व्हावं लागतं. तेवढी फट सेकंदाच्या काही शतांशांची असते. खाच आणि पिन यांच्या या साध्या जोडीवर माझा फार जीव आहे. शाफ्टच्या स्वतःच्याच फिरण्याकडून काम करून घेणं याला मी उत्तम यंत्ररचना म्हणतो.

या यंत्रणेचं नाव शिफ्टकॅम. तिच्या जाहिरातीत १२५ वरून १४३ न्यूटन-मीटर, १२५ वरून १३६ अश्वशक्ती हे आकडे झळकले. पण त्याच वेळी इंजिनही ११७० वरून १२५४ सीसीचं झालं होतं, म्हणजे सात टक्क्यांनी मोठं. टॉर्क मात्र चौदा टक्क्यांनी वाढला. आकाराच्या हिशेबात न बसणारी जी वाढ उरते, तिचं श्रेय मुख्यतः चांगल्या श्वासाला द्यायला हवं. २०१९ च्या एस १००० आरआरमध्ये हीच युक्ती ९,००० आरपीएमला चालते. २०७ अश्वशक्तीच्या त्या रेसिंग स्वभावाच्या गाडीला शहरातल्या गर्दीतही सरळ चालता येतं, ते मवाळ उंचवट्यामुळे.

जुन्या गाड्यांना ही सोय नाही. त्यांचा कॅम बदलायचा तर इंजिनच खोलावं लागतं. १९६९ पासून बर्लिनच्या श्पांडाऊमध्ये बनलेल्या, हवेनं थंड होणाऱ्या बीएमडब्ल्यू बॉक्सरमध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्या खाली, इंजिनाच्या पोटात बसतो. तो समोरून ओढून काढायचा, पण त्याच्या मागच्या टोकावर ऑइल पंप असतो. म्हणून आधी गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवायचं, पुढून टायमिंग चेन सोडवायची, उंचवट्यांवर टेकून चालणारे टॅपेट काढायचे. या गाड्यांच्या शौकिनांत ३०८ आणि ३३६ हे दोन आकडे सतत ऐकू येतात. क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो, ते हे आकडे सांगतात. ३०८ हा नेहमीचा, ३३६ हा तिखट. ३३६ बसवला की व्हॉल्व्ह क्रँकच्या जवळजवळ पूर्ण एका फेऱ्यात उघडाच असतो. वरच्या आरपीएमला गाडी गाते, पण सिग्नलला उभी असताना धडधडते आणि खालून उचलत नाही. नवा कॅम टाकल्यावर पिस्टनच्या माथ्यावर मातीचा गोळा दाबून इंजिन हातानं फिरवतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात किती जागा उरली, ते त्या मातीच्या जाडीवरून कळतं. कार्ब्युरेटरचे जेटही नव्यानं जुळवावे लागतात. रोज दहा-पंधरा किलोमीटर शहरात चालवणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यात जर्मनीत कागदांचा भाग वेगळा. वाहनाच्या नोंदणीपत्रावर शक्ती किलोवॅटमध्ये छापलेली असते. बदलामुळे धूर किंवा आवाज वाढला, तर रस्ता वाहतूक परवाना नियमांच्या कलम १९ प्रमाणे गाडीची मान्यताच संपते. ती परत मिळवायला तपासनीसापुढे गाडी न्यावी लागते. तीस वर्षांवरच्या गाडीला ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक पाटी हवी असेल, तर केलेला बदल त्या काळाला शोभणाराही असावा लागतो.

म्हणून जाणता माणूस काढलेला कॅम फेकत नाही. तो पुसून, तेलात भिजवलेल्या कागदात गुंडाळून फळीवर ठेवतो. सोबत चारही टॅपेट ठेवतो, कोणता कोणत्या उंचवट्यावर चालत होता त्याची चिठ्ठी लावून. कारण ती जोडी एकमेकांवर घासून जुळलेली असते, आणि पुढे कधी तो कॅम परत बसवताना टॅपेटची अदलाबदल झाली, तर हजारो किलोमीटर टिकलेला उंचवटा थोड्याच दिवसांत खरवडून निघू शकतो.