एका डॉलरचा खेळाडू

अमेरिकेतील बेसबॉल आपल्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा नसेल. परंतु त्या खेळाच्या आधारे मांडलेला एक लटका बाजार व्यापारी मंडळींना खचित रुचेल. डॅनियल ओक्रेंट या लेखकाने १९८० मध्ये न्यूयॉर्कला मित्रांसह तो सुरू केला. पुढे रूढ झालेल्या नियमानुसार प्रत्येकाने २६० डॉलरच्या मर्यादेत लिलाव बोलून खऱ्या खेळाडूंतून २३ जणांचा कागदी संघ उभारायचा. ते खेळाडू हंगामात मैदानावर जे करतील, त्यावर आपला क्रमांक ठरतो.

न्यू जर्सीतील माझा नातू यात रमतो आणि दरांचा हिशेब माझ्याकडे येतो. बारा संघ धरले तर बाजारात एकूण ३१२० डॉलर आणि २७६ खेळाडू. किमान बोली एक डॉलर, म्हणजे २७६ डॉलर तेथेच गुंतले. उरलेले २८४४ डॉलर कशावर वाटायचे? खेळाडूच्या एकूण कर्तृत्वावर नव्हे, तर एका डॉलरला मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा तो जितका सरस, तेवढ्याच फरकावर! कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. उत्तम फलंदाजी करणारे कॅचर मोजकेच असल्याने तेवढ्याच फटक्यांसाठी त्याला दर अधिक पडतो.

संगणकावर सामने खेळवणाऱ्या लीगमध्ये तर अनेकदा लिलावही नसतो. खेळाडूचे वेतन मागील आकडेवारीवरून सूत्राने ठरते. येथे खरी व्यापारी नजर लागते. डावखुऱ्या गोलंदाजांपुढे निष्प्रभ ठरणारा फलंदाज सूत्राला सामान्य, म्हणून स्वस्त दिसतो. त्याला केवळ उजव्या गोलंदाजांपुढे उतरवले, की तोच माल दुप्पट मोलाचा. दर सर्वांना एकच. उपयोग मात्र ज्याच्या त्याच्या पेढीप्रमाणे. कर्जाच्या तारणाचे मूल्यांकन करताना आम्ही याहून निराळे काय करत होतो?

सौभाग्यवतींना हे रुचत नाही. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले, आणि अशा कित्येक लीगमध्ये वर्गणी गोळा करून विजेत्याला देतात. म्हणून मी अट घातली, की पैसे लावायचे नाहीत. त्यावर नातू म्हणाला, ‘‘आजोबा, पदरचे पैसे नसले की कोणी मनापासून बोली लावत नाही, अर्ध्या हंगामात सोडून जातात.’’ आक्षेप पोकळ नव्हता. मी त्याला इतकेच दाखवले, की त्या २६० डॉलरांपैकी एकही खरा नसतो, तरी दर चोख निघतो. कारण मर्यादा खरी असते. अमर्याद पैसा दिला, तर कॅचर आणि इतर सारे एकाच भावाचे होतील. परिग्रह-परिमाणाचा विषयही ओघाने निघाला; तो त्याने ऐकून घेतला.

यंदा त्याने वर्गणी नसलेली लीग निवडली आहे. तिच्या लिलावासाठी कॅचरांची यादी आली असून त्यातील दोन नावांच्या दरांवर आमचे अद्याप एकमत झालेले नाही.