दहा फ्रँकचा चेहरा

पॅरिसला गेल्यावर आयफेल टॉवरसमोर फोटो तर काढालच. पण एक दुपार मोंपार्नाससाठी राखून ठेवा. मेट्रोच्या लाइन ४ वर व्हावँ स्टेशनला उतरायचं. वर आलात की रोदँचा बाल्झाक उभा दिसेल आणि जवळच 'ला रोतोंद' हे कॅफे.

शंभर वर्षांपूर्वी हा कडक्या कलाकारांचा अड्डा होता. एका कॉफीवर तासन् तास काढायचे. इटलीहून आलेला अमेदेओ मोदिल्यानी इथंच बसून लोकांची स्केचेस काढायचा आणि मिळेल त्या पैशाला विकायचा. खरं तर त्याला शिल्पकार व्हायचं होतं. १९१२च्या 'सालों दोतोन' प्रदर्शनात त्याची दगडी मस्तकं लागलीही होती. पण दगड परवडेना, त्याची धूळ टीबीच्या छातीला सोसेना. १९१४च्या सुमारास छिन्नी सुटली.

१९१६ मध्ये त्याचा मित्र, पंचविशीतला शिल्पकार जॅक लिपशिट्झ, यानं त्याला स्वतःचं आणि बायकोचं, बर्थचं, पोर्ट्रेट काढायला सांगितलं. रेट? एका बैठकीचे दहा फ्रँक आणि थोडी दारू! पहिल्या दिवशी मोदिल्यानीनं पेन्सिलनं सपासप स्केचेस काढली. पोझ ठरली ती जोडप्याच्या लग्नाच्या फोटोवरून. दुसऱ्या दिवशी कॅनव्हास घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत म्हणाला, झालं!

लिपशिट्झला अपराधी वाटलं. मित्राच्या हातात चार पैसे जास्त पडावेत म्हणून त्यानं काम लांबवायला लावलं. चित्र बिघडवायचंच असेल तर लांबवतो, असं मोदिल्यानी म्हणाला खरा, पण पुढे जवळजवळ दोन आठवडे रंगवत राहिला. ते पेंटिंग आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

२४ जानेवारी १९२० ला मोदिल्यानी गेला, जेमतेम पस्तिशीत. मित्रांनी त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याचे तुकडे झाले. ते तुकडे आले लिपशिट्झकडे. त्यानं ते एकेक करून जुळवले आणि त्यातून मुखवटा घडवला. ज्यानं आपला चेहरा कागदावर उतरवला, त्याचा चेहरा यानं वाचवला. 'रोतोंद'च्या टेबलावर बसाल तेव्हा हे आठवा, कॉफीचं बिल जरा कमी टोचेल.

आणखी काय बघाल?
• लक्झेंबर्ग गार्डन: व्हावँहून चालत दहाएक मिनिटं. कवी माक्स जाकोबनं या दोघांची ओळख इथंच करून दिली, १९१३ मध्ये.
• पेर लाशेझ स्मशानभूमी: मोदिल्यानीची कबर इथं आहे. शेजारी त्याची झान.