शिंगरावरचा कपडा

नगर, रविवार, 13 एप्रिल 2025
झावळ्यांचा रविवार. चर्चमधून आणलेली झावळी वचनाच्या फ्रेममागे खोचली, गेल्या वर्षीची वाळकी काढली. पाळकसाहेबांनी उपदेशात एक गोष्ट सांगितली, ती विसरायच्या आत लिहून ठेवते. पेत्राच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, सगळी चिंता देवावर टाकायला सांगितलंय. तिथल्या 'टाकण्या'चा ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकाच जागी येतो: लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य शिंगरावर आपले कपडे टाकतात आणि येशूला वर बसवतात तिथं.

इतकी वर्षं मी 'टाकणं' म्हणजे कचरा टाकावा तसं समजत होते. हे निराळंच निघालं. कपडा टाकला, प्रभू त्यावर बसला, शिंगरू चालायला लागलं. आता ओढून परत कसा घ्यायचा?

रात्रीचे पावणेबारा. मुलगा चाकणला, दुसऱ्या पाळीत. साडेअकराला सुटून मोटरसायकलवर खोलीवर जातो. 'पोचलो' आलं की मी आडवी होते. अजून आलेलं नाही.

मंगळवार, 15 एप्रिल
काल रात्री गॅस तीनदा बघितला. रेग्युलेटर बंद, शेगडीची बटणं बंद. तिसऱ्यांदा तर अंधारातच बोटांनी चाचपलं. ह्यांनी पडल्यापडल्या विचारलं, "बंदच आहे ना?"
"हो."
"मग आता परत उठशील तेव्हा माठातलं पाणी आण."

बुधवार, 16 एप्रिल
बायकांची प्रार्थनासभा आमच्याकडे होती. चहा, शेव, केळी. मी प्रार्थना केली ती लांबलचक: घरपट्टी, ह्यांची साखर, पोराची मोटरसायकल. आमेन म्हटलं आणि तेच गाठोडं काखेत मारून स्वयंपाकघरात गेले. देवाला नुसतं दाखवून आणलं म्हणायचं.

दुपारी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. त्यांचे यजमान टिळक हातातले पैसे कुणालाही देऊन मोकळे व्हायचे आणि निश्चिंत असायचे. हेवा वाटतो. पण घरात एक लक्ष्मीबाई असली की निश्चिंत राहणं सोपं जातं, हेही म्हणायला हवं! टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. त्या बाईला पाच वर्षं लागली, आणि मी एका रविवारच्या उपदेशावर बदलायला निघालेय.

शुक्रवार, 18 एप्रिल
उत्तम शुक्रवार. बारा ते तीन उपासना. पंखे होते, तरी पदराने वारा घेत बसलो सगळ्या. येशूच्या सात उद्गारांपैकी तिसऱ्याला माझं मन अडकलं. वधस्तंभावरून तो आईकडे बघतो आणि तिला शिष्याच्या हवाली करतो. त्या वेदनेतही आईच्या राहण्याची सोय लावली. आपण एका दमात काळजी करणं आणि काळजी घेणं म्हणतो, जणू एकच. त्यानं घेतली. मी गेले सहा महिने पोराची काळजी नुसती करतेय. हेल्मेटचा पट्टा तुटलाय, तो बदल म्हणून एकदाही धड सांगितलं नाही.
संध्याकाळी फोन करून सांगितलं. "बरं," म्हणाला.

रविवार, 20 एप्रिल
पहाटे पाचला कब्रस्तानात उपासना. सासूबाईंच्या कबरीवर मेणबत्ती लावली. वाऱ्यानं दोनदा विझली. मार्कचा शेवटचा अध्याय वाचला. त्या बायका सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरीकडे निघाल्यात आणि वाटेत एकमेकींना विचारतायत, धोंड कोण लोटणार? अगदी आपल्यासारख्या. पण विचारत विचारत चालत राहिल्या, हे मला आजवर दिसलंच नव्हतं. पोचल्या तर धोंड आधीच लोटलेली.
मुलगा रात्रीच आला होता. मटण, पोळ्या, खीर. हेल्मेटला नवा पट्टा. मी तो ओढून बघितला, तो हसला.

मंगळवार, 22 एप्रिल
काल त्याची परत दुसरी पाळी. रात्री अकराला प्रार्थना केली, या वेळी दोनच वाक्यांची, आणि फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून आले. झोप कधी लागली कळलं नाही. सकाळी बघितलं: 'पोचलो', 12.10.
गॅस मात्र दोनदा बघितला. दुसऱ्यांदा उठले तेव्हा माठातलं पाणी आणलं.