अब्बांची गरी

वशिष्ठी नदी चिपळूण ओलांडून पुढे गेली की तिची खाडी होते आणि दाभोळला समुद्राला मिळेपर्यंत ती खाडीच राहते. तिच्या काठच्या घरांत गरवायला जाणारा एक तरी माणूस असतोच. आमच्या घरात ते माझे अब्बा. त्यांनी ३२ वर्षं बोटीवर नोकरी केली. सुट्टीवर आले की बॅगा उघडायच्या आधी भरती किती वाजता आहे ते विचारायचे. रिटायर झाल्यावर अस्र ते मगरिब हा वेळ त्यांनी खाडीला देऊन टाकला होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला. अल्लाहचा शुक्र, चालणं-बोलणं परत आलं. उजव्या हाताची ताकद मात्र पुरती आली नाही, आणि बोटांची टोकं बधिर राहिली. गरवणाऱ्याचं सगळं काम त्या टोकांवर चालतं. अब्बा तंगूस तर्जनीवर घेऊन बसायचे. मासा आमिषाला नुसतं तोंड लावून गेला तरी त्यांना कळायचं. वर तो शिंगाळा होता की तांबोशी हेही सांगायचे. आता बोटाला काहीच कळेना. जुनी बांबूची काठी २०२१ च्या जुलैच्या पुरात गेली होती. नंतर कुणीतरी दिलेली फायबरची जाड काठी दहा मिनिटांत हात खाली आणायची. दोन-तीनदा आमिष खाल्लेला रिकामा गळ वर आला आणि त्यांनी जाणं बंद केलं. माझे मिस्टर म्हणाले, "अब्बा, काठी मी धरतो, तुम्ही शेजारी बसा." अब्बांनी उत्तरही दिलं नाही. मग संध्याकाळी ओट्यावर बसून खाडीच्या दिशेने बघायचं, एवढंच उरलं.

तेव्हा मी ठरवलं की हलकी आणि मासा लागल्याचं हाताला सांगणारी काठी शोधायची. बजेट ४,५०० रुपये, त्यात रीळ आणि दोरीसुद्धा. अम्मीने ऐकल्याबरोबर "फिजूलखर्ची" म्हणून टाकलं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गरीतलं मला इतकंच ठाऊक होतं की मासा घरी आला की तो साफ करायचा असतो. पण माझा धाकटा भाऊ कॅनडात ओंटारिओला असतो आणि तिथे 'मस्की' नावाच्या माशाच्या मागे लागलेला असतो. हा गोड्या पाण्यातला, मोठ्या जबड्याचा शिकारी मासा, मीटरभराहून लांब होतो. तिकडे त्याला 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात, म्हणजे इतक्या वेळा आमिष फेकावं तेव्हा एकदा लागणार. आणि लागल्यावर बहुतेक लोक तो परत पाण्यात सोडतात. हे ऐकून अब्बांनी भावाला फोनवर विचारलं होतं, "मग तुम्ही जेवता काय?"

पण दिवसभर जड आमिष फेकणाऱ्याचं मनगट आणि लकव्यातून उठलेलं मनगट, दोघांची गरज एकच निघाली. भाऊ म्हणाला, काठीचं वजन किती ग्रॅम आहे ते विचारू नकोस, ते वजन कुठे आहे ते बघ. काठीला रीळ लावायचं आणि रिळाच्या जरा पुढे काठीखाली एक बोट धरायचं. काठी तिथे आडवी तोलून राहिली तर ती हातात हलकी लागते. शेंडा खाली झुकला तर मनगटाला तो सतत वर उचलून धरावा लागतो, मग काठी वजनकाट्यावर कितीही हलकी भरो.

काठ्या मुख्यतः दोन पदार्थांच्या. फायबरग्लासची जड, लवचिक आणि दणकट. आपटली-धोपटली तरी टिकते, पण माशाची हालचाल वाटेतच गिळून टाकते. कार्बनची हलकी आणि ताठ, त्यामुळे शेंड्याचा बारीक हिसका मुठीपर्यंत येतो. मात्र दगडावर आपटली किंवा दारात चेंगरली की मोडते. काठीवर ३० टन, ४० टन असं लिहिलेलं असतं, ते त्या कार्बनच्या ताठपणाचं माप. आकडा वाढतो तशी किंमत वाढते आणि ठिसूळपणाही. धक्क्यावर म्हाताऱ्या माणसाच्या हातून काठी पडणारच, म्हणून मी मोठ्या आकड्याचा मोह धरला नाही. घडी होणाऱ्या काठ्या स्वस्त आणि पिशवीत मावणाऱ्या, पण त्यांना सांधे फार, आणि प्रत्येक सांध्यात थोडी जाणीव हरवते. दोन तुकड्यांची पुरे.

भावाची दुसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली: जाणीव विकत घ्यायची तर आधी दोरीत घे. नायलॉनचं तंगूस रबरासारखं ताणतं; मासा तिकडे ओढतो आणि ताण मध्येच विरतो. वेणीसारखी विणलेली दोरी जवळजवळ ताणतच नाही. शे-दोनशे मीटर दोरीला जेमतेम पाचशे रुपये लागतात, आणि साधी काठीही तिच्यामुळे बोलकी होते. फक्त गळाजवळ हातभर जाड तंगूस हवंच. जिताड्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत आणि गालाची धार पात्यासारखी. शिवाय तो लागला की धक्क्याच्या खांबांकडे धावतो आणि तिथली कालवं दोरी कापतात.

अब्बांना घेऊन रत्नागिरीला गेले. दुकानदार माझ्याशी न बोलता सोबत आलेल्या माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याशीच बोलत होता. अब्बाच म्हणाले, "मास्तरीणबाईंना दाखवा, पैसे त्या देणार आहेत." सात फुटी, १० ते ३० ग्रॅम आमिषाच्या तीन काठ्या निवडल्या आणि भावाने सांगितलेली परीक्षा घेतली. भाच्याने काठीचा शेंडा आपल्या गळ्याला टेकवला, अब्बांनी उजव्या हाताने मूठ धरली, आणि भाच्याने "आऽऽ" केलं. पहिल्या काठीला अब्बांनी मान हलवली, नाही. दुसरीला पुन्हा "आऽऽ". अब्बांचा चेहरा बदलला. बोटांना कळलं नसेल, पण तळव्यात आणि मनगटात कळलं. "बोल अजून," ते म्हणाले. दुकानात आलेले दोघे-तिघे हसायला लागले, तरी अब्बा त्याला बोलायला लावत राहिले. तिसरी काठी दुप्पट किमतीची होती. ती त्यांनी हातातही घेतली नाही.

ती दुसरी २,२०० ला मिळाली. कार्बन आणि फायबर मिसळलेली, मागचा दांडा लांब. हे लांब असणं मी मुद्दाम पाहिलं होतं, कारण दांडा कोपराखाली दाबला की मुठीवरचा अर्धा भार दंडावर जातो. १,६०० चं रीळ, डाव्या हाताने फिरवायचं. तो हात चांगला आहे. रिळाच्या ब्रेकचा पेच थोडा सैल ठेवला, म्हणजे मोठा मासा ओढेल तेव्हा हिसका हाताला बसण्याआधी दोरी सुटेल. पाचशेची विणलेली दोरी, शंभराचं जाड तंगूस. हिशेब ४,४०० वर थांबला.

पहिल्या संध्याकाळी अब्बा धक्क्यावर खुर्ची टाकून बसले. खाली काठावर नाही, वशिष्ठीत मगरी आहेत. जिवंत कोळंबी लावली होती. पाऊण तासाने ते हळूच म्हणाले, "कोळंबी घाबरली." मी दोरीकडे पाहिलं, ती जराही हलत नव्हती. मग काठीचा शेंडा एकदम वाकला. दोन किलोच्या आतबाहेरची तांबोशी होती. वर घ्यायला भाच्याला जाळीची पिशवी धरावी लागली, पण काठी अब्बांनी सोडली नाही. त्यानंतरच्या चार संध्याकाळी काही लागलं नाही, आणि त्याबद्दल त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. जिताडा अजून यायचा आहे.

खाऱ्या पाण्याने कड्या गंजतात, म्हणून घरी आल्यावर काठी गोड्या पाण्याने धुवायची आणि प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवायचा. कापूस अडकला तर कडीला चीर गेली आहे, ती दोरी कापणार. हे काम अब्बा उजव्या हातानेच करतात, वेळ लागतो. मगरिबची अजान झाली की अम्मी न सांगता पाण्याची बादली ओट्यावर आणून ठेवते, आणि फिजूलखर्चीबद्दल अजून बोलतेच.